मळ्यावरचं लहान कामाचं कुत्रं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की शेतातल्या कुत्र्याबद्दलची पत्रं वाढतात. यंदा बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत : लहान, चपळ, संकरित कुत्रं कसं निवडावं. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : इंग्लंडमध्ये सशाच्या शिकारीला लहान लर्चर कुत्री वापरतात, त्याचे व्हिडिओ पाहिले. आमच्या माळावर ससे पुष्कळ आहेत. मुधोळ आणि एखादी लहान विलायती जात यांचा संकर करून तसं कुत्रं इथं तयार होईल का? (एक वाचक, कागल)

उत्तर : कुत्रं तयार होईल, पण सशाची शिकार करता येणार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानसशाला संरक्षण आहे. त्या कायद्यातली शिकारीची व्याख्याही नीट समजून घ्या. जनावर मारणं एवढाच तिचा अर्थ नाही. त्याच्यामागे कुत्री सोडणं, त्याला हाकलून आणणं, फासे लावणं आणि यातलं काही करण्याचा प्रयत्नसुद्धा शिकारच धरला जातो. ससा हाती लागला नाही तरी गुन्हा होतो, आणि जमीन स्वतःची असली तरी सूट मिळत नाही. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटाची शिकार व्हायची, त्यामुळे या भागात शिकारीचं कौतुक जुनं आहे. पण तो काळ संपला.

आता लर्चरबद्दल. ही एक ठरलेली जात नाही. ग्रेहाउंड किंवा व्हिपेटसारख्या धावणाऱ्या कुत्र्याचा टेरिअर (बिळातल्या उंदरांमागे लागणारं लहान कुत्रं) किंवा मेंढपाळ कुत्र्याशी केलेला संकर म्हणजे लर्चर. रॅबिटसाठी, म्हणजे तिकडच्या बिळात राहणाऱ्या सशासाठी, बहुधा व्हिपेट आणि बेडलिंग्टन टेरिअर यांचा, 18 ते 20 इंच उंचीचा संकर वापरतात. तिथला रॅबिट कळपाने बिळात राहतो, कुंपणालगत चरायला येतो आणि धोका दिसला की थोडंसं अंतर पळून बिळात शिरतो. म्हणून तिथे पहिल्या काही ढांगांतला वेग, चटकन वळणं आणि नाक या तीन गोष्टी लागतात. इंग्लंडमध्येही 2004 च्या कायद्याने रानसशामागे कुत्री सोडायला बंदी आहे. रॅबिट आणि उंदीर यांना तेवढी सूट आहे, तीही जमीनमालकाची परवानगी असेल तरच.

आपल्याकडे जंगली रॅबिट नाहीच. आपला ससा बीळ करत नाही. तो गवतात दबून बसतो आणि उठला की लांब पल्ला पळतो. लहान संकरित कुत्र्याची बांधणी त्या पळण्याला पुरत नाही. मुधोळ उंचीला 25 ते 28 इंच भरतो. त्यात लहान टेरिअर मिसळलं तर वेगही अर्धा होतो आणि दाटीत शिरायची सोयही अर्धीच राहते. लहान कामाचं कुत्रं पाळायची हौस असेल तर त्याला उंदीर-घुशीचं काम द्या. हे काम कायदेशीर आहे, आणि पीकही वाचतं.

प्रश्न : ऊस आणि भुईमूग दोन्हीत घुशीचा त्रास आहे. कोणता संकर घ्यावा? (एक वाचक, हातकणंगले)

उत्तर : जातीचं नाव ठरवण्याआधी माप ठरवा. उसाच्या सरीत, पाचटात आणि बांधाच्या कपारीत हिंडायला खांद्यापाशी 12 ते 14 इंच उंची आणि 6 ते 9 किलो वजन पुरे. मोठी घूस किलोच्या आसपास जाते आणि वाईट चावते, म्हणून पाच किलोच्या खालचं कुत्रं तिच्यापुढे कमी पडतं. दुसरं माप छातीचं. पुढच्या पायांच्या मागून दोन्ही हातांनी वेढा घातला तर बोटं जुळायला हवीत. जॅक रसेल टेरिअरच्या मानकात छातीचा घेर 40 ते 43 सेंटिमीटर दिला आहे, तोच अंदाज धरा. रुंद छातीचं कुत्रं दाटीत अडकतं आणि लवकर दमतं.

आपल्या भागात सहज मिळणाऱ्या संकरांत आमची पहिली पसंती गावठी कुत्रीला टेरिअर नराकडून झालेल्या पिल्लांना. गावठी रक्तातून उन्हाची सवय, आखूड केस आणि सावधपणा येतो. टेरिअरकडून जिद्द येते आणि उंची आटोक्यात राहते. डॅशहंडचा संकर बिळापाशी फार चिकाटीने बसतो, नाकही चांगलं. पण पाठ लांब आली असेल तर तो घेऊ नका. बांधावरून आणि ट्रॉलीतून उड्या मारल्याने मणक्याची गादी सरकते आणि मागचे पाय लुळे पडतात. पॉमेरियनच्या संकराला दाट केसांमुळे मार्चनंतर ऊन सोसत नाही, शिवाय गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष त्या रक्तात बराच आढळतो.

आई-बाप वेगवेगळ्या पण ओळखीच्या जातींचे असतील तर पहिल्या पिढीची पिल्लं बरीचशी सारखी निघतात. पण अशाच दोन संकरित कुत्र्यांची पिल्लं घेतलीत तर एकाच वेतात एक दहा इंचांचं आणि दुसरं अठरा इंचांचं निघू शकतं. संकरित मक्याचं दाणं परत पेरल्यावर जे होतं तेच इथं होतं. म्हणून विकणारा 'क्रॉस आहे' एवढंच सांगत असेल तर आई-बाप दाखवायला सांगा. आई तरी दिसलीच पाहिजे.

प्रश्न : वेतातलं नेमकं कोणतं पिल्लू उचलावं? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : आठ आठवड्यांच्या आधी उचलू नका. त्या दोन महिन्यांत भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू शिकतं. पाच आठवड्यांत आणलेलं पिल्लू पुढे घरच्यांनाही जोरात चावतं.

सकाळी, दूध पाजण्याआधी जा. प्रथम आईकडे पाहा. अनोळखी माणसाला पाहून ती भुंकली तर हरकत नाही, पण मालकाने शांत केल्यावरही कोपऱ्यात शिरून थरथरत असेल तर ते वेत सोडा. मग एकेक पिल्लू वेगळं घ्या. दोरीला चिंधी बांधून जमिनीवरून सरपटत न्या. आधी दबकून, मग झेपावून धरणारं आणि ओढलं तरी न सोडणारं पिल्लू आपल्या कामाचं. पाठीमागे स्टीलची ताटली टाका. दचकणं ठीक आहे, पण पाच-दहा सेकंदांत ते आवाजाकडे वळून वास घ्यायला आलं पाहिजे. अजिबात दचकलं नाही तर कान तपासून घ्या. शेवटी पिल्लाला हलकेच पाठीवर धरून ठेवा. थोडं वळवळून शांत होणारं शिकायला सोपं जातं. शेवटपर्यंत चावत राहणारं नवख्या माणसाने घेऊ नये.

अंगाने पाहताना वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे आणि भिडलेले हवेत. घूस धरताना जबड्याची पकड त्यावरच असते. बेंबीपाशी मऊ गाठ लागली तर तो हर्निया. पोट टम्म आणि अंग काटकुळं म्हणजे जंत. पंजे घट्ट आणि आवळलेले हवेत, पसरट नकोत. शेपूट कापू नका. दाट पिकात कुत्रं कुठं आहे ते तिच्यावरूनच कळतं.

नर की मादी हा वाद आम्ही घालत नाही. नर वासामागे गाव सोडून जातो, मादी वर्षातून दोनदा माजावर येते. नसबंदीने दोन्हीवर उपाय होतो.

प्रश्न : उंदीर मारणाऱ्या कुत्र्याला रोग होतात म्हणतात. विषाचीही भीती वाटते. (एक वाचक, शिरोळ)

उत्तर : दोन्ही भीती खऱ्या आहेत. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या लघवीतून पसरतो आणि पाणी साचलेल्या शेतात जास्त. लस घेताना तिच्यात लेप्टोचा भाग आहे ना, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी एक. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, तीही दरवर्षी. मेलेले उंदीर तुम्हीही उघड्या हाताने उचलू नका. पायात गमबूट, हातात मोजे हवेत.

विष आणि कुत्रं एका शेतात एकाच वेळी नको. झिंक फॉस्फाइडचं आमिष खाल्लं तर काही तासांतच उलट्या सुरू होतात आणि उलटीला लसणासारखा वास येतो. अशा वेळी दूध किंवा भाकरी देऊ नका. खाण्याने पोटात आम्ल सुटतं आणि विषारी वायू वाढतो. उलटीजवळ नाक नेऊ नका आणि कुत्र्याला जीपमध्ये काचा उघड्या ठेवूनच न्या. ब्रोमॅडिओलोन जास्त फसवं आहे. विष खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तरी विष त्याच्या पोटात जातं आणि लक्षणं तीन ते पाच दिवसांनी दिसतात : हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, अंगावर निळे डाग. यावर के-1 जीवनसत्त्वाचा उपचार आहे, पण तो कित्येक आठवडे चालतो. शेजाऱ्याने विष ठेवलंय का, हे दर हंगामात आधी विचारा. आमिष उचलल्यावरही तीन-चार आठवडे त्या शेतात कुत्रं नेऊ नका.

प्रश्न : शिकवायला केव्हा सुरुवात करावी? आमचं कुत्रं बिळाजवळ थांबत नाही, ससा दिसला की पळतं. (एक वाचक, करवीर)

उत्तर : पहिले सहा महिने फक्त नाव, 'ये', 'थांब' आणि कोंबड्या-करडांची ओळख. ही ओळख दोरीला बांधूनच करून द्या. कायमचे दात सहा-सात महिन्यांत येतात, म्हणून आठ-दहा महिन्यांच्या आत घुशीसमोर उभं करू नका. लहान वयात नाकाला चावा बसला की पिल्लू बिळाजवळ जायलाच नाखूश होतं, आणि ती भीती पुढे सहजी निघत नाही.

कामाच्या आदल्या संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत. ताजा उकीर (उकरलेली माती) असलेलं एक तोंड कुत्र्यासाठी आणि वरच्या अंगाचं एक पाण्यासाठी ठेवा, बाकीची बुजवा आणि त्या वरच्या तोंडातून पाणी सोडा. पाणी सोडण्याआधी कुत्र्याला बिळात तोंड घालू देऊ नका, कारण उंदराच्या बिळात घोणस आणि नाग राहतात. ताजी माती नाही आणि कडा गुळगुळीत झाल्यात, असं बीळ सोडून द्या. साप चावलाच तर गळ्यातला पट्टा काढा, कारण सूज चढते. जखम चिरू नका, आवळून बांधू नका, कुत्र्याला चालवू नका. उचलून थेट जनावरांच्या दवाखान्यात न्या आणि विषरोधक लस आहे का, हे निघतानाच फोनवर विचारा.

सशामागे पळायची सवय मोडायला दहा मीटरची दोरी लावा. कान टवकारले, मान ताठ झाली, की त्याच क्षणी हाक मारा. पळाल्यावर मारलेली हाक त्याला ऐकू येत नाही. वळून आलं की लगेच तुकडा द्या. ऊसतोडीत शेवटचा पट्टा राहतो तेव्हा ससे, रानमांजरं सगळी तिथंच कोंडतात आणि कोयतेही जवळ चालू असतात. तेवढ्या वेळेपुरतं कुत्रं बांधून ठेवा. काम फड मोकळा झाल्यावर.

प्रश्न : खायला काय द्यावं? (एक वाचिका, इचलकरंजी)

उत्तर : आठ किलोच्या कामाच्या कुत्र्याला दिवसाला दीड भाकरी, दीडशे ग्रॅम हाडाविना उकडलेलं चिकन आणि एक अंडं, दोन वेळांत विभागून. उरलेला तांबडा-पांढरा रस्सा मात्र घालू नका. कांदा-लसणाने रक्तपेशी फुटतात आणि शिजलेली हाडं आतड्यात टोचतात.

प्रश्न : वस्तीवर रात्री कुत्रं बाहेर बांधलं तर चालेल का? (एक वाचक, शाहूवाडी)

उत्तर : नाही. उसात बिबट्याचा वावर असलेल्या भागात साखळीला बांधलेलं लहान कुत्रं त्याचं सोपं भक्ष्य ठरतं. जाळी आणि पक्कं छप्पर असलेल्या गोठ्यात ठेवा आणि दाराला बाहेरून कडी लावा.