व्यावसायिक वादकाचा जुना बँजो: नावासाठी जास्त पैसे द्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच तारांचा जुना बँजो (खटके दाबून वाजवायचा नव्हे, गोल पुडीचा) विकायला आला आहे. मालक म्हणतो की तो एका व्यावसायिक वादकाचा होता आणि पुडीवर त्याची सहीसुद्धा आहे. तर त्या नावासाठी जास्त पैसे द्यावेत का, आणि घेतल्यावर तो नव्यासारखा करून घ्यावा का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण ती चूक मी केली आहे आणि ती भरून निघत नाही. नव्यासारखा करू नका. पहिले काही महिने कोरड्या मऊ फडक्याने पुसण्यापलीकडे त्याला हातही लावू नका.

माझा बँजो आयुष्यभर वाजवून पोट भरलेल्या एका वादकाचा होता. मी तेव्हा नवशिका. दांडीवर पाचव्या तारेपाशी, सातव्या आणि नवव्या पडद्याजवळ दोन बारीक खिळे ठोकलेले होते. मला वाटलं कोणीतरी नासधूस केली आहे. खरं तर पाचवी तार आखूड असते, पाचव्या पडद्यापासूनच सुरू होते. बाकी चार तारांवर कॅपो (तारा दांडीवर दाबून धरणारी पकड) लावून स्वर चढवला की ती वेगळी चढवावी लागते. वादक ती या खिळ्याखाली अडकवतात. खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे इवलेसे खिळे त्यासाठी वापरतात. मी बँजो एका कारागिराकडे दिला. त्याने खिळे उपटले, भोकं बुजवली, अंगठ्याने झिजलेल्या दांडीच्या पाठीवर नवं वार्निश चढवलं. दिसायला सुरेख झाला. पुढे त्या वादकाची मुलगी तो बघायला आली, तेव्हा ती दांडीच्या कडेवरून बोट फिरवत नवव्या पडद्याचा वाकडा खिळा शोधू लागली. तो तिच्या वडिलांनी स्वतः ठोकला होता म्हणे. माझ्याकडे तिला दाखवायला काहीच नव्हतं.

आता सहीचं. पुडी हा बँजोचा सगळ्यात सहज बदलणारा भाग आहे. पूर्वी ती वासराच्या कातड्याची असायची, दमट हवेत सैल पडायची, फाटायची. 1950च्या दशकाच्या अखेरीस प्लॅस्टिकच्या पुड्या आल्या आणि बहुतेक वादकांनी त्या बसवल्या. म्हणजे 1920च्या दशकातल्या वाद्यावर सही केलेली प्लॅस्टिकची पुडी दिसली तर ती पुडी वाद्यापेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी तरी लहान आहे. शिवाय वादक चाहत्यांच्या वाद्यांवरही सह्या करतात. सही खरी असली तरी त्यावरून मालकी ठरत नाही.

मालकी ठरते क्रमांकावरून आणि छायाचित्रांवरून. गिब्सन या अमेरिकी कंपनीचा मास्टरटोन असेल तर मागचा रेझोनेटर (पाठीची लाकडी तबकडी) चार हातस्क्रूंवर बसलेला असतो. तो काढा आणि पुडी ज्यावर ताणलेली असते त्या लाकडी कड्याच्या आतला शिक्का वाचा. व्हेगा या कंपनीचा जुना बँजो असेल तर क्रमांक कड्याच्या आत आणि आरपार जाणाऱ्या लाकडी दांड्यावरही असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. मग त्या वादकाची जुनी छायाचित्रं मिळवा आणि दांडीवरच्या शिंपल्याच्या नक्षीकडे बघा. नक्षी साच्यातली असली तरी प्रत्येक तुकड्याची झाक वेगळी असते, कडेचा टवका वेगळा असतो. चांगल्या जवळच्या फोटोत ओळख पटते. जुनी पावती, विम्याचा कागद, घरच्यांचं पत्र असेल तर उत्तमच. पेटीवर मात्र विसंबू नका, पेट्यांची अदलाबदल फार होते.

हे सगळं एका बँजोच्या बाबतीत किती नीट जुळतं ते सांगतो. अमेरिकी बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांचा प्रसिद्ध गिब्सन ग्रॅनाडा बँजो आधी स्नफी जेन्किन्सकडे होता, मग डॉन रेनोकडे. 1940च्या दशकाच्या अखेरीस रेनो आणि स्क्रग्ज यांनी आपापले बँजो अदलाबदल केले. तिघेही नावाजलेले वादक, त्यामुळे मालकीची साखळी स्पष्ट आहे. पुढे वाजवता वाजवता तार उतरवता-चढवता यावी म्हणून स्क्रग्ज यांनी दांडीच्या माथ्यावर, खुंट्या असतात तिथे, भोकं पाडून स्वतः बनवलेले खटके बसवले. भोकं पाडलेला जुना गिब्सन म्हटलं की संग्राहक नाक मुरडतात. पण त्या भोकांमधून नवी वादनरीत जन्माला आली. ती कोणी बुजवली असती तर?

तेव्हा तुमच्या बँजोवर अशा खुणा शोधा. हात टेकायच्या पट्टीवरचा मुलामा घामाने गेलेला आहे का? पडदे दांडीच्या पुडीकडच्या टोकापर्यंत झिजलेत का, की पहिले तीन-चारच? पडदे नवे बसवले असतील तर बिचकू नका, रोज वाजवणारा ते बदलतोच. आणखी एक गोष्ट बघाच: दांडी मूळची आहे का. 1920च्या दशकात नाचगाण्याच्या बँडना चार तारांचा टेनर बँजो हवा असायचा, म्हणून चांगली वाद्यं बहुतांशी टेनर म्हणून बनली. नंतर वादकांनी त्यांनाच पाच तारांच्या दांड्या बसवून घेतल्या. यात फसवणूक नाही, वाजायला असं वाद्य उत्कृष्ट असू शकतं; पण मूळ पाचतारीची किंमत त्याला देऊ नका. आणि 1930च्या आसपासच्या गिब्सनमध्ये कड्याभोवतीची धातूची चकती जस्ताच्या मिश्रधातूची असते. ती ताणाने वर वाकते, तडकते. आडवी धरून डोळ्याच्या रेषेत बघा.

पैशांबद्दल माझं मत: आधी नाव विसरून वाद्याची किंमत ठरवा. नावाचे पैसे फक्त पुराव्याला द्या. पुरावा नसेल, पण वर सांगितलेली झीज असेल, तर मी थोडं जास्त देईन, कारण पोटापाण्यासाठी वाजवणारा माणूस बेसूर वाद्य वर्षानुवर्षं जवळ ठेवत नाही.

घेतलात तर काहीही करण्याआधी प्रत्येक बाजूने फोटो काढा, घोडीची जागा मोजून लिहून ठेवा. पुडी बदलावीच लागली तर सहीची जुनी पुडी सपाट ठेवून जपा, आणि काढलेला एकेक स्क्रू, खुंटी, खिळा पेटीतच एका पाकिटात राहू द्या.