लंगडणारा घोडा आणि साउथपोर्टची रेती

प्रश्न : शंकरपटाचे (बैलांच्या शर्यतीचे) बैल पूर्वी कन्हान नदीच्या रेतीतून फिरवून तयार करीत, असे माझे वडील सांगत असत. इंग्लंडमधील एका ट्रेनरने समुद्रकिनाऱ्यावर सराव देऊन एका लंगड्या घोड्याला अडथळ्यांची सर्वांत मोठी शर्यत जिंकून दिली, असे नुकतेच ऐकले. हे खरे आहे काय? त्यात रेतीचा वाटा किती?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : खरे आहे, फक्त ‘एक शर्यत’ म्हटल्याने त्या घोड्यावर अन्याय होतो, कारण त्याने ती तीनदा जिंकली. ट्रेनरचे नाव जिंजर मॅकेन आणि घोड्याचे रेड रम. मॅकेन टॅक्सी चालवीत, जुन्या मोटारी विकत आणि साउथपोर्ट या किनाऱ्यावरील गावात मोटारींच्या दुकानामागेच त्यांचा तबेला होता. मोठ्या ट्रेनरांजवळ असते तशी सरावासाठी हिरवळ त्यांच्याजवळ नव्हती, म्हणून ओहोटीनंतरचा किनारा हेच त्यांचे मैदान झाले.

१९७२ मध्ये आपल्या टॅक्सीतील एका वृद्ध गिऱ्हाइकासाठी त्यांनी हा घोडा ६,००० गिनींना (गिनी म्हणजे पौंडाहून थोडी अधिक रक्कम) घेतला. तो घरी आल्यावर लंगडताना दिसला. खुराच्या आतील हाडाला सूज येण्याचा जुनाट विकार त्याला होता. दुसऱ्या कोणी सौदा मोडला असता. मॅकेन यांनी त्याला समुद्राच्या पाण्यात चालविले. कोळंबी पकडणाऱ्यांच्या गाड्या ओढणारे, पाय धरलेले घोडे त्या पाण्यात सुधारतात, हे त्यांनी गावात पाहिलेले होते. औपचारिक शिक्षणापेक्षा ही नजर मला अधिक मोलाची वाटते.

ग्रँड नॅशनल ही लिव्हरपूलजवळील एनट्री येथे होणारी, सुमारे सात किलोमीटरची आणि तीस उड्यांची शर्यत. १९७३ मध्ये शेवटच्या उडीनंतरही क्रिस्प हा घोडा बराच पुढे होता. परंतु त्याच्या पाठीवर रेड रमपेक्षा २३ पौंड, म्हणजे सुमारे साडेदहा किलो, वजन अधिक होते. अखेरच्या सरळ पट्ट्यात त्याचे पाय भेलकांडू लागले आणि रेड रमने घोड्याच्या पाऊण लांबीइतक्या फरकाने बाजी मारली. पुढे १९७४ आणि १९७७ मध्येही तो पहिला आला. मधली दोन्ही वर्षे दुसरा. गंमत म्हणजे, हाच घोडा दोन वर्षांचा असताना त्याच एनट्रीत एक किलोमीटरच्या सपाट शर्यतीत धावला होता.

‘घोड्याच्या नशिबावर मोठा झालेला ट्रेनर’ ही टीका मात्र २००४ मध्ये मिटली. त्र्याहत्तर वर्षांच्या मॅकेन यांनी अँबरली हाउस या घोड्याला तीच शर्यत जिंकून दिली. चार नॅशनल जिंकणारे ट्रेनर आजवर मोजकेच.

आता रेतीविषयी. थंड पाण्याने सूज उतरते, पोटापर्यंतच्या पाण्यात पायांवरचा भार हलका होतो आणि ओहोटीनंतरची ओली, दबलेली रेती खुराला कठीण जमिनीसारखा हादरा देत नाही; फायदा झाला असेल तो या तिन्हींमुळे. उन्हाळ्यातील नदीपात्राची कोरडी, घोट्यापर्यंत रुतणारी रेती वेगळी. तिच्यात जनावर धावविल्यास पायाच्या शिरांवर फार ताण पडतो. म्हणून तेथे त्याला पाण्याच्या कडेने, तेही चालवूनच न्यावे आणि आधीच लंगडत असेल तर आधी पशुवैद्याला दाखवावे.