अंगठ्यावर कथा लिहू की लेख?

प्रश्न : ताई, माझी आजी ७५ वर्षांची आहे, आयुष्यभर खुरपणी आणि भांडी करून बोटांवरच्या रेषाच गेल्यात. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही, पदराला पुसते, तेल लावते, परत ठेवते, तोवर मागची लाईन कुरकुरायला लागते. मला यावर दिवाळी अंकासाठी कथा लिहायचीय पण भाऊ म्हणतो कथेनं काय होतंय, तक्रार कर नाहीतर लेख लिही. खरंच कथेनं काही होतं का?
– एक वाचक, बीड

उत्तर : तक्रार तर करच गं, आजच कर. अंगठा उठला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही हे केंद्रानं २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. कथा छापून येईपर्यंत आजीनं थांबायचं नाही.

पण भावाला ब्रिटनच्या पोस्टाचं सांग. तिकडे १९९९ पासून गावोगावच्या पोस्टात होरायझन नावाची कॉम्प्युटर सिस्टीम आली, ती हिशोबात नसलेली तूट दाखवायची आणि पोस्ट चालवणाऱ्यांना ती पदरची भरावी लागायची, नऊशेच्या वर माणसं गुन्हेगार ठरली, काही तुरुंगात गेली. २००९ ला एका कॉम्प्युटरच्या साप्ताहिकानं हे छापलं, २०१९ ला हायकोर्टानं सांगितलं की सिस्टीममध्येच बग म्हणजे चुका आहेत, तरी बहुतेकांवरचा डाग तसाच. मग जानेवारी २०२४ ला टीव्हीवर याच प्रकरणाची चार भागांची मालिका लागली, दहा दिवसांत पंतप्रधानांनी कायदा करतो म्हणून सांगितलं आणि मे महिन्यात तो झालाही, शेकडो जणांच्या शिक्षा एकदम रद्द.

माहिती तर सगळी आधीच बाहेर होती ना. मालिकेत लोकांनी काय पाहिलं, तर गावातल्या दुकानात एक बाई फोन कानाला लावून बसलीय, हेल्पलाईनवाला सांगेल ते बटण दाबतेय आणि तिच्या डोळ्यासमोर तूट डबल होते. वर तिला सांगतात, असा प्रॉब्लेम फक्त तुम्हालाच येतोय. हेच बाकीच्यांनाही सांगत होते! मला तर ते वाक्य अजून टोचतं.

तुझ्या आजीलाही कुणीतरी म्हणालंच असेल, 'आजी, तुमचाच उठत नाही बघा.' त्या वाक्याभोवती लिही. दुकानदाराला व्हिलन करू नकोस, सर्व्हर डाऊन झाला की शिव्या तोच खातो, नियम ठरवणारा त्या लाईनीत कधी उभाच नसतो, ते दिसू दे. 'डिजिटल युग' वगैरे शब्द एकही नको. आणि आजीला विचार, पहिल्यांदा रिकामी पिशवी घेऊन आली तेव्हा घरी काय सांगितलं होतं तिनं, बहुतेक दुसरंच काहीतरी कारण सांगितलं असेल. तिथून सुरू कर.