वाडा नवा केला, मग पाहायचं काय?

प्रश्न : काका, सासूबाईंना एकदा सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी माथा टेकायचाय. गुडघे दुखतात, पण हट्ट आहे. 12 जानेवारीला नेऊ का? आमचे हे म्हणतात, वाडा दुरुस्त करून नवाच करून ठेवला, आता तिथं पाहायचं काय? आणखी एक. आमच्या जुन्या दगडी भिंतीला ओल येते. गवंडी म्हणतो, सिमेंट मारा. मारावं का?
— एक वाचक, ता. मेहकर

उत्तर : ताई, जयंतीला नका नेऊ. त्या दिवशी लाखो लोक येतात, त्यात म्हाताऱ्या माणसाचे हाल. सोयाबीन घरात पडलं की साध्या वारी सकाळीच सिंदखेडराजावरून जाणारी जालन्याची एसटी धरा. वाडा रस्त्याला लागूनच आहे, फार चालणं नाही. सासूबाईंना जिजाऊंचा जन्म झाला त्या म्हाळसा महालात निवांत टेकू द्या, घाई करू नका.

आता यजमानांचं. जिजाऊंचा जन्म 1598 चा. चारशे पावसाळे खाल्लेली वास्तू कुणी हात न लावता उभी राहील कशी? आपल्या मातीच्या घराला दर दिवाळीला पोतारा देतो, म्हणून ते नवं होतं का? चौकात उभं राहून त्यांना जोती बघायला सांगा, दगड बघायला सांगा. डागडुजीचं काम मोडतोडीपेक्षा बरं, एवढंच माझं म्हणणं. आणि डागडुजीतही जुनं सापडतं बरं का! 2024 साली जिजाऊंचे वडील लखुजीराव यांच्या समाधीच्या दुरुस्तीत जुन्या शिवमंदिराचा पाया निघाला, खाली शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. ती समाधी चुकवू नका. पुतळाबारवेत, म्हणजे तिथल्या पायऱ्यांच्या विहिरीत मात्र सासूबाईंना उतरवू नका.

भिंतीचं ऐका, त्यात माझी हयात गेली. चुना, वाळू, विटांची सुरखी म्हणजे भुकटी, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी, चुन्याच्या घाणीवर मळून मळून एकजीव केलेलं. असल्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर निघून जाते. सिमेंट तिला आत कोंडतं. मग ती वर चढते, पांढरा खार फुटतो, दगडाचे पापुद्रे सुटतात. वरून भिंत गुळगुळीत, आतून पोखरलेली! आधी पागोळ्यांचं पाणी पायथ्याशी मुरतं का ते बघा, मुरत असेल तर नाली काढा. अर्धं दुखणं तिथंच असतं. मग दगडांमधल्या दरजा चुन्यानं भरा. गवंड्याला पटणार नाही, त्यालाही एसटीत बसवून न्या. सिमेंटची पोती आणून ठेवली असतील तर मोरीला वापरा.