‘मीड’ या शब्दाचा अर्थ आणि उगम काय?

पाण्यात मध मिसळून, ते मिश्रण आंबवून तयार होणाऱ्या मद्याला इंग्रजीत ‘मीड’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘मेडु’ असे होते आणि आपल्या ‘मधु’शी त्याचे साम्य योगायोगाचे नाही. दोन्ही शब्द आदिम इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, इंग्रजी अशा भाषांच्या समान पूर्वज भाषेतील एकाच शब्दापासून आले असून, संस्कृतातील ‘ध’च्या जागी जर्मानिक (इंग्रजी, जर्मन वगैरे) भाषांत नियमाने ‘द’ वा ‘ड’ येतो.

खरी गंमत अर्थांच्या फाट्यांत आहे. ऋग्वेदात ‘मधु’ म्हणजे मध, गोड पेय आणि सोमरससुद्धा, रशियन ‘म्योद’मध्ये मध व मद्य हे दोन्ही अर्थ टिकले, लिथुएनियनने मधाला ‘मेदुस’ व पेयाला ‘मिदुस’ अशी वेगळी रूपे दिली, ग्रीकांचे ‘मेथ्यु’ मात्र मधाला सोडून द्राक्षांच्या मद्याकडे वळले. ‘अमेथिस्ट’ या रत्नाचे नाव, म्हणजे ‘नशा न चढू देणारा’, त्याच ‘मेथ्यु’वरून पडले.

मात्र ‘मद्य’ हा शब्द ‘मधु’पासून आला, असे समजू नये, तो ‘मद्’ या, उन्मत्त होणे अशा अर्थाच्या, वेगळ्या धातूपासून साधला आहे. तसेच मसाले घातलेल्या मीडचे ‘मेथेग्लिन’ हे नाव वेल्श भाषेतून आले असून, त्याचा पूर्वार्ध ‘औषधी’ या अर्थाचा आहे.