टेन्शन की उतरलेली शुगर?

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. मधुमेह अठरा वर्षांपासून, रक्तदाबही आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड (दोन्ही शुगरच्या गोळ्या) आणि अ‍ॅटेनोलॉल (बीपीची गोळी) चालू आहे. चार महिन्यांपूर्वी आई गेली. तेव्हापासून दुपारी साडेचारच्या सुमाराला त्यांचा जीव घाबरा होतो, घाम फुटतो, उगाच चिडतात. उपाशीपोटीची शुगर १५०च्या आसपास असते. टेन्शन म्हणून रात्री अल्प्राझोलाम ही घबराटीची गोळी सुरू केली आहे. टेन्शनने शुगर वाढते ना? (कराड)

वाढते. ताणात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं यकृताला साखर रक्तात सोडायला लावतात. सकाळच्या १५०मध्ये त्यांचा वाटा असू शकेल. साडेचारच्या घामाचं मात्र तसं वाटत नाही. वडिलांना जेवण किती जातं, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि आमची शंका नेमकी तिथेच आहे. दोन भाकऱ्या खाणारा माणूस दुःखात अर्ध्या भाकरीवर आला आणि ग्लिमेपिराइड पूर्वीइतकीच राहिली, तर दुपारी शुगर उतरते. उतरलेली शुगर आणि घबराट वरून अगदी सारखी दिसतात. त्यात अ‍ॅटेनोलॉलमुळे छातीतली धडधड आणि हातांची थरथर दबते. घाम मात्र दबत नाही, म्हणून त्याच्याकडे लक्ष ठेवा.

जीव घाबरला की ‘काही नाही, पडा जरा’ म्हणण्याआधी ग्लुकोमीटर काढा. बोट साबणाने धुऊन कोरडं करा. केळं सोललेल्या बोटावर आकडा खोटा चढतो. ७०च्या खाली आला तर तीन चमचे साखर अर्ध्या कप पाण्यात विरघळवून द्या. पेढा किंवा बिस्किट नको, त्यातल्या तुपा-वनस्पतीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्या, आणि सावरल्यावर पोळी-भाजी किंवा दूध-पोहे खायला घाला. ग्लिमेपिराइडचा असर बराच वेळ टिकतो, मूत्रपिंडं थकलेली असतील तर आणखी. त्यामुळे शुगर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्या रात्री झोपण्यापूर्वीही एकदा मोजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आठवडाभर वहीत वेळ, आकडा आणि आधी काय खाल्लं ते लिहा आणि वही डॉक्टरांपुढे ठेवा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) बघून ग्लिमेपिराइड कमी करायची का, हे त्यांनाच ठरवू द्या. या वयात, सोबत इतर आजार असतील तर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ८पर्यंत चालतं. ६.५चा हट्ट धरून माणूस मोरीत पडला, तर काय मिळवलं? पडण्याचा धोका अल्प्राझोलामनेही वाढतो. पण काही आठवडे रोज घेतली असेल तर ती एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवा.

आकडा ७०च्या वर असूनही जीव घाबरत असेल, किंवा शुगर सावरूनही जेवण जात नसेल, तर नैराश्य तर नाही ना, ते बघा. ज्येष्ठ माणूस ‘मी उदास आहे’ म्हणत नाही. ‘अंग दुखतं, तोंडाला चव नाही, पहाटे तीनला जाग येते’ म्हणतो. पेपर वाचणं, पारावर जाणं, नातवाशी बोलणं यातलं काय सुटलं ते बघा. दोन आठवड्यांहून जास्त असंच चाललं असेल तर डॉक्टरांकडून जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल ही ज्येष्ठांचं नैराश्य ओळखणारी प्रश्नावली भरून घ्या. ‘हो-नाही’चे १५ प्रश्न असतात, ५ किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढे तपासायला हवं. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ जीवनसत्त्व आणि सोडियम यांची रक्ततपासणी करा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ घटतं, आणि त्यानेही माणूस मलूल होतो. नैराश्याची गोळी सुरू झाली तर गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. अशा काही गोळ्यांनी वृद्धांचं सोडियम उतरतं. बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल, म्हणजे त्यात लघवी वाढवणारं औषध असेल, तर जास्तच. म्हणून दोन-तीन आठवड्यांत सोडियम पुन्हा तपासा.

प्रश्न : वय ६८. बीपीचं यंत्र घरी आणल्यापासून दिवसातून दहा वेळा बघते. आकडा वर दिसला की आणखी घाबरते, मग तो आणखी वर जातो. (नाशिक)

यंत्र कपाटात ठेवा. सात दिवस फक्त सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, दोन-दोन वेळा, मध्ये एक मिनिट सोडून मोजा. आधी अर्धा तास चहा नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. १३५/८५च्या खाली असेल तर ठीक. वाढीव गोळी मनाने घेऊ नका. १८०/१२०च्या वर दिसलं तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर डॉक्टरांना फोन करा. सोबत छातीत दुखणं, धाप लागणं, बोबडी वळणं, नजर धूसर होणं यातलं काही असेल तर लगेच रुग्णालयात जा.

प्रश्न : सासरे डायलिसिसवर आहेत. परवा म्हणाले, ‘आता नको वाटतं सगळं.’ काय बोलावं? (ठाणे)

‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा, ‘बाबा, जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाले तर एकटं ठेवू नका, गोळ्यांचे डबे आणि इन्सुलिन तुमच्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. ‘नाही, फक्त थकलोय’ म्हणाले, तर डायलिसिस युनिटमध्ये हिमोग्लोबिन, खाज आणि झोप यांबद्दल विचारा. नको-नकोसं वाटण्यामागे पुष्कळदा यातलंच एखादं असतं, आणि त्यावर इलाज आहे.