वाचकांचे प्रश्न : कार्बोरेटर बदलण्याआधी

मागच्या अंकात इंधनटाकीविषयी लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं टाकी सोडून थेट कार्बोरेटरवर, म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या भागावर आली, म्हणून हा अंक त्यालाच देतो. मी भायखळ्याला हेच काम करतो. कार्बोरेटर खोलून पुन्हा नीट चालता करणं हा माझा धंदाही आहे आणि जीवही त्यातच आहे.

प्रश्न : आजोबांची १९३८ ची सहा सिलिंडरची शेवरोले आमच्याकडे आहे. बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन फिरतं, पण कार्बोरेटर जाम आहे आणि वरच्या झाकणाला तडे गेले आहेत. गॅरेजवाले म्हणतात, ओरिजिनलच्या मागे लागू नका, जीपचा कार्बोरेटर बसवून देतो. आम्हाला गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची आहे आणि हॉर्निमन सर्कलच्या रॅलीत ती न्यायची आहे. काय करावं? – एक वाचक, दादर

जीपचा बसवू नका. गाडी त्यावर चालू होईल, स्लोवर, म्हणजे पॅडल न दाबता, चांगली धडधडेलही, आणि म्हणूनच तो सल्ला पटतो. पण हिशेब करून बघा. तुमचं इंजिन २१६ घनइंचांचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा स्वतःच्या मापाइतकी हवा ओढतं. मिनिटाला ३२०० फेऱ्या धरल्या तर ५६०० लिटर हवा होते. सिलिंडर कधी पूर्ण भरत नाहीत, ८० टक्के धरा, तरी साडेचार हजार लिटर. जीपचं इंजिन २.२ लिटरचं. त्याला ४००० फेऱ्यांनाही त्याच हिशेबाने साडेतीन हजार लिटर पुरतात, आणि त्याच्या कार्बोरेटरचा गळा, म्हणजे हवा जाण्याचा अरुंद मार्ग, तेवढ्याच हवेसाठी कापलेला असतो. सपाट रस्त्यावर कळणार नाही, पण खोपोलीहून घाट चढायला लागलात की गाडीचा दम संपेल. पण म्हणून मोठ्यातला मोठा कार्बोरेटरही शोधू नका. गळा गरजेपेक्षा रुंद झाला की हवेचा वेग पडतो, पेट्रोलचे बारीक कण होत नाहीत आणि पॅडल दाबल्यावर गाडी आधी अडखळते.

तुमच्या गाडीवर मुळात कार्टर कंपनीचा डब्ल्यू-१ होता. एका गळ्याचा, वरून खाली हवा घेणारा. त्यात मेन जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येतं त्या मापाच्या भोकात, एक निमुळती दांडी असते, मीटरिंग रॉड. ती थ्रॉटलला, म्हणजे पॅडलने उघडणाऱ्या झडपेला, जोडलेली असते आणि पॅडल दाबाल तशी वर उचलली जाते, म्हणजे जेटमधून जास्त पेट्रोल जातं. या दांडीची उंची ठरवायला कंपनीचं गेज असे. ते नसताना दांडी डोळ्यांच्या अंदाजाने वाकवणाऱ्याला हात लावू देऊ नका. डब्ल्यू-१ बदनाम झाला तो मुख्यतः अशा वाकवलेल्या दांड्यांमुळे, असं माझं मत आहे.

झाकण उघडण्याआधी एक काम करा. झाकणाच्या एखाद्या स्क्रूखाली पितळेची छोटी चकती आहे का बघा. कार्बोरेटरचा खरा नंबर तिच्यावर असतो. बॉडीवर ओतलेला आकडा फक्त साच्याचा असतो, त्यावरून सुटे भाग मागवलेत तर चुकीचे येतील. चकती सापडली तर फोटो काढा आणि ती एका डबीत जपून ठेवा.

आता तड्यांबद्दल. वरचे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत, खालचा बिडाचा. जस्तात अशुद्धी राहिली असेल तर काही दशकांनी ते आतून फुगतं आणि कोळिष्टकासारखे तडे जातात. असं झाकण वेल्डिंगने किंवा एम-सीलने दुरुस्त होत नाही, झालंसं वाटलं तरी महिन्याभरात पेट्रोल झिरपू लागतं. दुसरं झाकणच लागेल. डब्ल्यू-१ अनेक वर्षं शेवरोलेच्या गाड्यांवर बसत होता, आणि या शहरात त्या उगाच आल्या नव्हत्या. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना शिवडीला १९२८ ते १९५४ चालला. म्हणून कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे, चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर, ऑपेरा हाऊसच्या जुन्या स्पेअरपार्टवाल्यांकडे आजही विचारायला हरकत नाही.

जाताना खिशात सपाट काचेचा तुकडा ठेवा. कार्बोरेटरची बैठक, म्हणजे इंजिनावर टेकणारी खालची बाजू, काचेवर टेकवा, डोलते का बघा. थ्रॉटल जाम असेल तर घाबरू नका, ते सुटतं. पांढरी भुकटी चढली असेल तरी चालेल. पण कडा फुगलेल्या, भोकं लंबगोल झालेली, आट्या खाल्लेल्या असा माल फुकट मिळाला तरी घेऊ नका. मीटरिंग रॉड आणि जेट नसले तरी बॉडी घ्या. ते बाहेरून मागवता येतात, बॉडी मिळणंच अवघड आहे.

साफसफाईला घाई नको. पितळेला चिंच-मीठ चालतं, जस्ताला नाही. ॲसिड आणि कॉस्टिक दोन्ही जस्त खातात. आधी रॉकेलमध्ये भिजत ठेवा, मऊ ब्रश, मग कोमट साबणपाणी आणि लगेच हवेने वाळवणं. जेटमध्ये तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, तारेचा एक ओरखडाही माप बदलतो. भोकाचा व्यास फक्त ५ टक्के वाढला तर क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढतं. कार्बोरेटरमधल्या पंपाचा चामडी वॉशर वाळून कडक झाला असेल. तो फेकण्याआधी एक रात्र हलक्या तेलात ठेवून बघा, चांगलं चामडं पुन्हा फुलतं. कार्बोरेटरच्या वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणारा पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तर भोक आहे. सोल्डरचा डाग देण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण काढा, नाहीतर भडका उडेल. आणि डाग बारीक द्या, कारण फ्लोट जड झाला की पेट्रोलची पातळी वर जाते आणि गाडी ओव्हर व्हायला, म्हणजे पेट्रोल ओसंडायला लागते.

एवढं करूनही स्लो जागेवर बसला नाही, तर कार्बोरेटरला दोष देण्याआधी इंजिन किती जोराने हवा ओढतं ते दाखवणारं व्हॅक्युम गेज लावा. काटा १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर हवा. या गाड्यांचा वायपर इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालतो. त्याची नळी किंवा मोटर फुटलेली असेल तर इंजिन तिथूनच हवा खेचतं आणि लोक महिनोन् महिने कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतात. दुसरी जागा म्हणजे मॅनिफोल्डमधली, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांमधली, उष्णतेची झडप. थंड देशांत सकाळी मिश्रण गरम करायला ती लावलेली असते. गंजून बंद जागेवर अडकली तर मुंबईच्या मे महिन्यात वाटीतलं पेट्रोल उकळतं. ती सुटी करून फिरती ठेवा.

नोंदणीबद्दल थोडक्यात. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात ठेवलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, नूतनीकरणाला ५,०००. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ही गाडी रस्त्यावर आणता येत नाही. नियमात चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल नकोत असं आहे. कार्बोरेटरवरून कोणी अडवेल की नाही हा वेगळा मुद्दा. पण बॉनेट उघडल्यावर जाणकाराची नजर पहिली तिथेच जाते, आणि आजोबांच्या गाडीत जीपचा तुकडा त्याला दिसावा असं तुम्हालाही वाटणार नाही.

प्रश्न : आमच्या प्रीमियर पद्मिनीचा सोलेक्स कार्बोरेटर दोनदा किट टाकून झाला, तरी सिग्नलला गाडी बंद पडते. मेकॅनिकने स्लो वाढवून दिला, आता गाडी गरम झाली की रेसच उतरत नाही. नवीन कार्बोरेटर घ्यावा का? – एक वाचक, मुलुंड

ताई, किटमध्ये पॅकिंग, निडल व्हॉल्व्ह, डायफ्राम येतात. तुमचा दोष थ्रॉटलच्या शाफ्टमध्ये असण्याची शक्यता जास्त आहे आणि तो कुठल्याच किटमध्ये नसतो. शाफ्ट बॉडीत फिरून फिरून भोक मोठं करतो, तिथून हवा घुसते आणि स्लोवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. गाडी स्लोवर ठेवा आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांवर इंजिन ऑइलचा एकेक थेंब सोडा. आवाज बदलला, गाडी क्षणभर सावरली, तर दोष सापडला. गाडी बंद करून शाफ्ट वरखाली हलवून बघा, खडखड बोटांना लागेल.

यावर इलाज म्हणजे दोन्ही भोकं एकाच रेषेत रीम करून, म्हणजे मापात मोठी करून, त्यांत गनमेटलचे बुश (छोट्या नळकांड्या) मारणं. हे लेथवाल्याचं काम आहे, पण त्याच्या पुढ्यात कार्बोरेटर टाकून घरी येऊ नका. एका बाजूने आधी आणि दुसऱ्या बाजूने नंतर भोक केलं तर रेषा चुकते आणि शाफ्ट अडतो. बटरफ्लायचे, म्हणजे शाफ्टवरच्या गोल पत्तीचे, स्क्रू मागून ठोकून फुगवलेले असतात. तो फुगवटा कानशीने काढूनच ते उघडा, नाहीतर शाफ्टमध्येच मोडतील. पत्ती काढण्याआधी तिच्यावर खूण करा, तिची कड तिरकी घासलेली असते आणि उलटी बसली तर पूर्ण बंद होत नाही.

बैठकही तपासा. दोन नट जीव खाऊन आवळले की सोलेक्सचे कान वाकतात आणि मधोमध फट पडते. काचेवर एमरी पेपर ठेवून फेसिंग करा, म्हणजे बैठक घासून सपाट करा. बसवताना दोन्ही नट आळीपाळीने, हाताच्या जोराने आवळा. खालचा बेकेलाइटचा जाड तुकडा कोणी काढून टाकला असेल तर तो परत घाला. इंजिनाची उष्णता वर चढू नये म्हणून तो आहे, आणि गाडी गरम झाल्यावरच रेस न उतरण्याचं कारण कधीकधी तिथेही निघतं.

बाजारात मिळणाऱ्या नकली नव्या कार्बोरेटरचे जेट मी मोजून पाहिले आहेत. छापलेला आकडा आणि भोक यांचा मेळ बसत नाही. त्यापेक्षा एक जुना जादा घेऊन ठेवा. पद्मिनी कुर्ल्यालाच बनायची, आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत तिची टॅक्सी मुंबईत होती. त्या टॅक्स्या भंगारात गेल्या तसे त्यांचे कार्बोरेटरही बाजारात आले. टॅक्स्या सीएनजीवर चालत, त्यामुळे जेट बरेचदा शाबूत मिळतात. शाफ्ट मात्र घासलेलाच असेल असं धरून भाव करा.

प्रश्न : आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या कार्बोरेटरला ते चालेल का? – एक वाचक, विलेपार्ले

चालेल, तयारी केली तर. शुद्ध पेट्रोलला एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, ई-२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आठ-नऊ टक्के पातळ चालते. सोलेक्स किंवा वेबरचा १२० चा मेन जेट असेल तर १२५ घालून बघा, क्षेत्रफळ जवळपास तेवढंच वाढतं. आधी प्लग काढून ते काळे आहेत का बघा. गाडी पहिल्यापासून काळा धूर मारत असेल तर जेट बदलण्याची गरजच नाही.

रबराकडे जास्त लक्ष द्या. साधी पेट्रोलची नळी आतून मऊ होऊन तिचे कण जेटमध्ये येतात. ‘एसएई जे३० आर९’ छापलेली नळी घ्या, निडलचं टोक व्हायटॉन या टिकाऊ रबराचं घ्या. बुचाचा फ्लोट असेल तर त्यावरचं शेलॅक इथेनॉलमध्ये विरघळतं, फ्लोट पितळीच करून घ्या. आणि इथेनॉल पाणी ओढतं. आपल्याकडच्या जुलैत महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करा, नाहीतर तळाशी पाणी साचून जस्त पांढरं पडायला लागेल.

प्रश्न : मॉरिस मायनरच्या एसयू कार्बोरेटरमध्ये वरून तेल कोणतं घालायचं? आणि मिश्रण घरी लावता येईल का? – एक वाचक, गिरगाव

एसएई २०. ते तेल वंगणासाठी नाही. पॅडल एकदम दाबल्यावर कार्बोरेटरमधला पिस्टन उशिरा वर जावा आणि तेवढ्यापुरतं मिश्रण घट्ट व्हावं यासाठी ते असतं. पातळ तेल घातलंत तर पिक-अप घेताना गाडी झटका देईल. पिस्टनच्या बाजूला मात्र तेल नको, पॉलिशही नको. फडक्याने पेट्रोल लावून पुसा आणि कोरडा बसवा. पिस्टन आणि वरचं भांडं यांची जोडी असते, दुसऱ्या कार्बोरेटरचं भांडं बसवू नका.

मिश्रण घरी लावता येतं, आणि एसयू त्यासाठी सगळ्यांत मायाळू कार्बोरेटर आहे. जेटचा नट पूर्ण वर न्या, मग बरोबर दोन फेऱ्या खाली आणा. इंजिन पूर्ण गरम करा. आता पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचला. रेस वाढून तशीच राहिली तर मिश्रण घट्ट आहे, नट वर घ्या. इंजिन पडायला लागलं तर पातळ आहे, खाली घ्या. क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आलं की हात काढा. एका वेळी नटाचा एकच पैलू फिरवायचा, आणि दर वेळी एकदा रेस देऊन मगच पुन्हा तपासायचं.